आपल्या दुकानाची नवी पाटी : इंटरनेट व संकेतस्थळ यांची तोंडओळख



कीर्द-खतावणी लिहिण्यास दिवाणजी असले, तरी पेढीच्या मालकास ती वाचता आलीच पाहिजे, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण होय. दिवाणजींवर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपला व्यवहार आपणांस समजावा म्हणून. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण ही शिकवण विसरलो आहोत, असे आम्हांस स्वानुभवाने वाटते.

तो अनुभव असा. काही वर्षांपूर्वी आम्ही खानापूर येथील आमच्या भुसार मालाच्या पेढीचे संकेतस्थळ एका त्रयस्थाकडून करवून घेतले. त्याचा पत्ता बिलबुकांवर व पोत्यांवर छापला आणि निश्चिंत झालो. एके दिवशी गोव्याच्या जुन्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारले, "शेठजी, पेढी बंद केलीत की काय?" पत्ता उघडतच नव्हता. चौकशी करता कळले की, ते नाव आमच्या पेढीच्या नव्हे, त्या गृहस्थाच्या नावे नोंदलेले होते. वार्षिक शुल्क भरले गेले नाही आणि नाव हातचे गेले. छापील पोती वखारीत पडून राहिली. दोष आम्ही कोणास देत नाही. कागद न पाहता पैसे देणारे आम्हीच. त्यानंतर वयाच्या ६४व्या वर्षी नातीजवळ बसून ही विद्या पहिल्यापासून शिकलो. तिचे सार येथे देतो.

इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांस जोडणारे रस्ते. वेब ही त्या रस्त्यांवरून होणारी एक वाहतूक. या वेबची योजना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली आणि १९९३ साली त्या संस्थेने ती विनामोबदला सर्वांस खुली केली. भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आपण मोबाइलवर पत्ता लिहिला की ब्राउझर प्रथम त्या नावाचा अंकी पत्ता शोधतो, मग त्या ठिकाणच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवितो व तेथून पान येते. वखारीवर चिठ्ठी धाडावी आणि हमालाने तेवढाच माल आणून द्यावा, तसाच हा प्रकार. यावरून तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि पान. नावास डोमेन व जागेस होस्टिंग म्हणतात. ही दोन्ही मुदतीने घ्यावयाची असतात. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण न केल्यास हक्क राहत नाही. २०१४ सालापासून 'डॉट भारत' या शेवटाचे देवनागरी नावही घेता येते.

पान मात्र घरीच तयार करता येते. संगणकातील नोटपॅडमध्ये मजकूर लिहून त्यास एचटीएमएल नावाच्या खुणा द्यावयाच्या. त्या कोनी कंसांत लिहितात. मथळ्यास 'एच-वन', परिच्छेदास 'पी', दुसऱ्या पानाच्या दुव्यास 'ए'. मजकूर संपला की तीच खूण तिरप्या रेघेसह पुन्हा लिहून बंद करावी. पोते भरल्यावर तोंड शिवावे, तसे. आम्ही प्रथम मथळा बंद करण्यास विसरलो, तो तांदळाच्या साऱ्या जाती मथळ्याएवढ्या मोठ्या दिसू लागल्या! पानाच्या आरंभी 'यूटीएफ-८' ही अक्षरपद्धती नोंदवावी व फाइलही तिच्यातच जतन करावी, अन्यथा मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट एचटीएमएल' असा ठेवून ती ब्राउझरमध्ये उघडली की पान दिसते. एवढ्यास इंटरनेटही लागत नाही.

पानावर काय असावे? पेढीचे नाव, पत्ता, फोन, वेळ व मालाची यादी. आपल्या भागात मराठी व कन्नड अशी दोन्ही भाषांत ती असावी, हे सांगणे न लगे. भाव लिहावयाचा तर तारखेसहच; गेल्या महिन्याचा भाव आजचा म्हणून दिसणे हे कमी मापाने देण्यासारखेच होय. कर्नाटक सरकारने २०१४ साली आणि केंद्र सरकारने २०१६ साली ई-नाम या नावाने बाजार समित्यांचे लिलाव संगणकावर आणण्यास आरंभ केला. भात आणणारा शेतकरी आता मोबाइलवर भाव पाहून येऊ शकतो. त्याच्याशी बोलणाऱ्या व्यापाऱ्याने मागे राहून कसे चालेल?

सावधगिरीचीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन द्यावा लागत नाही; जो तो मागेल, तो लबाड समजावा. ओटीपी तर कोणासच सांगू नये.

सुंदर पान कारागिराकडून अवश्य करवून घ्यावे. आम्हीही पुढे तसेच केले. मात्र या वेळी नाव पेढीच्या नावे नोंदविले आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. येत्या वहीपूजनास आपणही नव्या वहीत तीन ओळी लिहाव्यात : आपले डोमेन कोणते, ते कोणाच्या नावे आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते. पासवर्ड मात्र वहीत लिहू नये. या तीन ओळी ज्यास विचारल्यावाचून लिहिता येतील, त्याची पाटी त्याच्याच हाती राहील.