रुपया गावात किती हातांतून फिरतो

छोट्या उद्योगाचं मोल आपण उलाढालीवर ठरवतो. इचलकरंजीत हा हिशेब अपुरा पडतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं आणि पंचगंगेकाठचं हे गाव कापडाचं झालं. पण इथलं कापड एकट्याच्या हातून होत नाही. सूत आधी सायझिंगला जातं, तिथे ताण्याला खळ लागते आणि बीम भरून निघतं. मग वहिफणी कामगार बसतो. बीमवरचा एकेक धागा आधी मागाच्या वहीतल्या डोळ्यातून, मग फणीच्या फटीतून ओवायचा. असे धागे हजारोंनी. एक चुकला तर कापडात उभी रेघ पडते. बाण्याच्या कांड्या भरणाऱ्या, जॉबर, घडीवाले, दिवाणजी, टेम्पोवाले यांची पोटं याच साखळीवर. मजुरीचा रुपया संध्याकाळी किराणा दुकानात आणि शाळेच्या फीमध्ये उतरतो, गावातच. सगळं एका छपराखाली करणाऱ्या गिरणीचा नफा तिचा मालक राहतो तिथे जातो, आणि ती बुडते तेव्हा आसपासचा सगळा मुलूख घेऊन बुडते. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने ते भोगलं. त्याच कापडाचं बरंचसं काम पुढे भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या मागांवर गेलं.

यावर आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही: या विखुरलेल्या मागांवर बहुतेक कामगारांना ना फंड, ना पगारी रजा, आणि सांडपाण्याने झालेली पंचगंगेची अवस्था तर सगळ्यांना ठाऊक आहे. नदीच्या बाबतीत उद्योग लहान असल्याची सबब चालू नये. सांडपाणी लहान कारखान्याचं म्हणून कमी विषारी होत नाही. मजुरीचं मूळ मात्र वेगळीकडे आहे. इथले बरेच यंत्रमागधारक खर्चीवाले आहेत. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच; यांच्या वाट्याला फक्त मजुरी, तीही पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर मोजलेली. त्यातून वीजबिल आणि कामगाराचा पगार भागवायचा. व्यापाऱ्याने पैसे दोन महिने अडकवले, की पहिली कात्री कामगाराच्या हप्त्यालाच लागते. म्हणजे दोष मागाच्या लहानपणात कमी आणि मागधारकाच्या एकटेपणात जास्त. यंत्रमागांना मिळणारी वीजदराची सवलत हा टेकू आहे, अशीही टीका होते. असेल, पण सवलतीने थकलेली मजुरी हातात येत नाही. २००६च्या कायद्याने लघुउद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं बंधनकारक केलं. त्या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत व्यापाऱ्याला खर्चात धरता येणार नाही, अशी तरतूद आता आयकरातही आली आहे. हे संरक्षण सरकारी उद्यम नोंदणी केलेल्या उद्योगालाच मिळतं. काही व्यापारी यामुळे नोंदणीकृत उद्योगाला टाळतील, ही भीती खरी; पण ती एकेकट्याला भेडसावते. गावातले सगळेच खर्चीवाले नोंदले गेले, तर टाळणार कुणाला? उद्यम नोंदणीला तर एक पैसाही लागत नाही.