पडण्याआधीचा आधार

आमच्या दवाखान्यात वीस वर्षे येणाऱ्या एका आजींचा उजवा हात मनगटात मोडला, तो न्हाणीघरात. पाय घसरला तेव्हा त्यांनी समोरचा टॉवेलचा दांडा धरला आणि तो भिंतीतून उखडून हातात आला. टॉवेलचे वजन पेलण्यासाठी बसवलेल्या दांड्यावर माणसाचा भार आला, तर दुसरे काय होणार? सहा आठवडे आजींना वेणीसुद्धा दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागली.

पुढे आजोबा गेले आणि आजी कॅनडात मिसिसागा येथे मुलाकडे कायमच्या राहावयास गेल्या. एके रात्री मुलाचा फोन आला. "डॉक्टर, आईसाठी बाथरूम बदलून घेतोय. टबचा काठ ओलांडताना तिचा तोल जातो. इथे या कामासाठी करात सवलत मिळते म्हणतात. तुमचं प्रमाणपत्र लागेल का?"

चौकशी केली तेव्हा कळले, की प्रमाणपत्राची आवश्यकताच नव्हती. आजींचे वय 74 होते. तेवढे पुरेसे होते. ही गोष्ट मला एक वैद्यक म्हणून फार महत्त्वाची वाटली.

कॅनडातील तरतूद

कॅनडाच्या केंद्र सरकारने 2016 या करवर्षापासून 'होम अ‍ॅक्सेसिबिलिटी टॅक्स क्रेडिट' नावाची सवलत सुरू केली. वर्षअखेरीस 65 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, किंवा तेथील अपंगत्व करसवलतीस पात्र असलेली कोणत्याही वयाची व्यक्ती, हिच्या राहत्या घरात केलेल्या बदलांसाठी ती आहे. आरंभी वर्षाला 10,000 डॉलरपर्यंतचा खर्च धरला जाई. 2022 पासून ही मर्यादा 20,000 डॉलर झाली. त्या खर्चाच्या 15 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 3,000 डॉलर, भरावयाच्या करातून वजा होत. 2025 पासून तेथील सर्वांत खालचा करदर उतरल्यामुळे ही रक्कम किंचित कमी झाली आहे. मर्यादा घराला एकच असते. पती-पत्नी दोघेही पात्र असले तरी ती दुप्पट होत नाही.

खर्च कोणता धरतात, हेही पाहण्यासारखे आहे. बदल घराचा कायमचा भाग झाला पाहिजे आणि त्यामुळे त्या व्यक्तीचे घरातील येणे-जाणे, वावरणे सुलभ झाले पाहिजे किंवा इजेचा धोका कमी झाला पाहिजे. उतरंड, आधारदांडे, चाकाच्या खुर्चीसह आत जाता येईल असे स्नानगृह हे त्यात बसते. घरगुती उपकरणे, नेहमीची डागडुजी, कर्जावरील व्याज बसत नाही. स्वतः काम केल्यास विकत आणलेल्या साहित्याचा खर्च धरतात, स्वतःच्या श्रमांचे मोल धरत नाहीत. म्हणून पावत्या जपून ठेवाव्या लागतात. दावा विवरणपत्राच्या 31285 क्रमांकाच्या ओळीत होतो. आईवडिलांना सांभाळणारा मुलगा किंवा मुलगीही ठरावीक अटींवर तो करू शकते.

यात एक उणीव आहे. सवलत करातून वजा होते, रोख हाती येत नाही. ज्या वृद्धाला मुळात करच लागत नाही आणि ज्याच्यामागे दावा करणारे कोणी नाही, त्याच्या पदरी काही पडत नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांताची अशीच एक स्वतंत्र सवलत आहे. तिची कमाल रक्कम 1,000 डॉलरच आहे. पण ती कर नसला तरी परत मिळते. गरजू वृद्धाच्या दृष्टीने ही लहान रक्कम अधिक न्यायाची म्हणावी लागेल.

आपल्याकडे काय?

आपल्या प्राप्तिकर कायद्यात घरातील अशा बदलांच्या खर्चासाठी स्वतंत्र सवलत नाही. आहे ती अपंगत्वासाठीची वजावट. किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या करदात्यास 75,000 रुपये आणि अपंगत्व 80 टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपये उत्पन्नातून वजा करता येतात. अशा अवलंबून असलेल्या आईवडिलांची देखभाल करणाऱ्या मुलालाही तितकीच वजावट मिळते. जुन्या कायद्यातील 80 यू आणि 80 डीडी ही ती कलमे. मात्र त्यासाठी जुनी करप्रणाली निवडावी लागते. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा आपल्या करसल्लागारास जरूर विचारावे. अनेक कुटुंबांत प्रमाणपत्र असूनही ही वजावट घेतलेली नसते, हे मी पाहिले आहे.

दोन्ही देशांतील भेद केवळ रकमेचा नाही. तेथे वय पुरेसे आहे; येथे अपंगत्व सिद्ध व्हावे लागते. तेथे मदत पडण्याआधी मिळू शकते. आपल्याकडे ती बहुधा पडून झाल्यावर येते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी कितीतरी जण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. भिंतीतील आधारदांडा हे म्हणूनच मला रक्तदाबाच्या गोळीइतकेच खरे प्रतिबंधक औषध वाटते. आपल्या कायद्यानेही तसे मानावे, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी अवश्य लावून धरावी.

तोवर आपण

तोवर मात्र वाट पाहू नये. शौचकूपाजवळ आणि न्हाणीच्या जागी आधारदांडे बसवावेत. ते केवळ फरशीला न चिकटवता भिंतीत पक्के रोवावेत. उंची ठरवताना वापरणाऱ्या व्यक्तीस तेथे बसवून, उभे करून पाहावे. खाट ते शौचालय या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा आणि पायपुसणी, वायर, सुटी सतरंजी नसावी. न्हाणीत न डुगडुगणारी खुर्ची ठेवावी. उतरंड बांधताना 1:12 हे प्रमाण पाळावे; 15 सेंटिमीटर उंच पायरीसाठी 180 सेंटिमीटर लांबी लागते. याहून आखूड उतरंड चाकाच्या खुर्चीला धोक्याची ठरते. दार बदलायचेच असेल, तर मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर ठेवावी.

मिसिसागातील काम पूर्ण झाल्यावर आजींनी फोनवर सांगितले, "डॉक्टर, दांडा दोन्ही हातांनी ओढून बघितला. हालत नाही."

हा अंक खाली ठेवल्यावर आपणही एवढे करावे. घरातील वडीलधाऱ्यांसह न्हाणीघरात जावे आणि तोल सावरताना त्यांचा हात कशावर पडतो, ते पाहावे. मग ती वस्तू आपण स्वतः जोर लावून ओढून पाहावी.