भाकरी थापणारे हातही चळवळीचेच!

केज तालुक्यातील नांदूरघाट येथे एका आजींना आम्ही विचारले, "आजी, नामांतराच्या लढ्यात तुम्ही काय केलं?" आजी हसल्या. "म्या काय करणार लेकरा? माणसं जेलात गेली. म्या निस्त्या भाकरी थापल्या अन् लेकरं सांभाळली."

हे उत्तर ऐकून आमची मान खाली गेली. विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला २७ जुलै १९७८ रोजी. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे घर, मजुरी आणि पोरांची शाळा कोणी ओढली?

आपल्याकडेच असे घडते असे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून. त्या पक्षाने १९६९ पासून गरीब मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी दिली. ती रांधण्या-वाढण्यात स्त्रियांचे मोठे कष्ट होते. १९७४ ते १९७७ या काळात तर एलेन ब्राउन या स्त्रीने पक्ष चालवला. पण जगाच्या लक्षात राहिला तो बंदूकधारी पुरुष! त्याही आधी कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वे यांचे विचार ग्रंथरूपाने संपादित केले ते त्यांच्या पत्नी एमी जॅक गार्वे यांनी. त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या इतिहासात जुलै १९४२ ची नागपूरची महिला परिषद आहे. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, बाबासाहेब उपस्थित होते. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव या भगिनींनी त्या काळात केले! मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी अशा स्त्रियांना शोधून बोलते केले, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले.

आजींना आम्ही पुन्हा विचारले, "भाकरी कोणाकोणाच्या?" मग त्या एकेक नाव सांगू लागल्या. आम्ही वही उघडली.

१९७८ साली विशीत असलेली सून आज सत्तरीकडे आली आहे. तेव्हा भगिनींनो, बंधूंनो, आज संध्याकाळी आपल्या आजीजवळ वही घेऊन बसा. तिचे पूर्ण नाव, गाव, साल आणि काम लिहून ठेवा. उशीर करू नका.

जयभीम!