हजेरीपटाचे दशक

गेल्या जूनमध्ये आमच्या जुन्या विभागाने शासकीय धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून सक्तीची गावपाहणी काढून टाकली आणि तिच्या जागी संगणकावरील आकडेवारीच्या विश्लेषणाची एक प्रश्नपत्रिका बसवली. माजी विद्यार्थ्यांना धाडलेल्या पत्रकात या फेरबदलाला ‘कालानुरूप’ असे गोंडस विशेषण लावलेले आहे. विभागाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या विद्येचा श्रीगणेशा आम्ही तालुका कचेरीच्या दप्तरखान्यात केला, तिला आता तालुकाच नकोसा झाला आहे, एवढे मात्र नमूद करून ठेवणे भाग आहे.

त्या विद्येच्या बळावर केलेल्या माझ्या पुढल्या सेवाकाळाविषयी सांगण्यासारखे थोडेच. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतरची वर्षे, ज्यांविषयी माझे सहाध्यायी अजून आवेशाने बोलतात, ती माझ्या लेखी समित्या, उपसमित्या आणि त्यांची चहापाने यांत गेली. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला, राज्यांना निधी वाटण्याचा अधिकार गेला आणि सल्ला तेवढा उरला. परंतु त्यावर शोक करण्याइतका माझा जीव आयोगाच्या योजना भवनात कधी गुंतलाच नव्हता.

तो गुंतला महाराष्ट्रातल्या १९७२च्या दुष्काळानंतरच्या दहा वर्षांत. त्या दुष्काळात, १९७३च्या उन्हाळ्यापर्यंत, जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर राबत होती, आणि ज्याने तेव्हा वाटलेला सुकडीचा पूरक आहार व मिलो ही आयात ज्वारी खाल्ली त्याच्या जिभेवरून ती चव अद्याप उतरलेली नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात दुष्काळापूर्वीच जो प्रयोग करून पाहिला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७च्या कायद्याने तिला हक्काचे अधिष्ठान दिले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून, मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया भत्ता, असा अंमल सुरू झाला. खर्चासाठी १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला होता. आमच्या प्राध्यापकांच्या पगारातूनही तो कापला जाई, आणि समतेवर तासभर व्याख्यान देऊन झाल्यावर त्या कपातीविषयी त्यांनी व्हरांड्यात काढलेले उद्गार मला संपत्तीच्या वितरणाबद्दल कोणत्याही क्रमिक पुस्तकाहून अधिक शिकवून गेले.

१९७९ साली मी त्या वर्गात दाखल झालो आणि पाहणीसाठी माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे, एका पाझर तलावाच्या कामावर जाऊन पोहोचलो. मुकादमाने मोठ्या अदबीने हजेरीपट पुढे केला. अंगठ्यांचे ठसे ओळीने उमटलेले होते, आणि त्यांतील अनेक नावांपुढच्या ठशांत तोच एक तिरका व्रण स्पष्ट दिसत होता. खोदाई मोजता यावी म्हणून खड्ड्यात मातीचा एक खांब न खणता राखून ठेवतात आणि त्याच्या उंचीवरून किती माती निघाली ते ठरवतात, त्या खांबाकडे मी पाहत राहिलो, तेव्हा पाटी रिकामी करून आलेली एक म्हातारी म्हणाली, “आवं, त्यो खांब रातचा वाढतुया.” खोट्या नावांची मजुरी कागदावर बसवायची तर तेवढी मातीही कागदावर निघाली पाहिजे, म्हणून रात्री खांबाच्या डोक्यावर पाटीभर माती थापली जात असे. हजेरीपट आणि मोजमापाची वही यांचा असा घट्ट ऋणानुबंध मला कोणी वर्गात समजावून दिलेला नव्हता.

आमच्या मार्गदर्शकांनी हे सारे ‘किस्सेवजा’ ठरवून परिशिष्टात ढकलायला लावले आणि वार्षिक अहवालातील मनुष्यदिवसांचे आकडे घेऊन त्यांवर गणित मांडण्याची आज्ञा केली. ज्या आकड्यांत तो रातचा वाढणारा खांब मुरलेला होता, त्यांवरच चार दशांशस्थळांपर्यंत उत्तरे काढून मला पदवी मिळाली. पुढे हेच गृहस्थ ‘ग्रामीण वास्तवाचे जाणकार’ म्हणून समित्यांवर मिरवले. असो, ते आता हयात नाहीत, आणि त्यांचे अहवालही कोणी उघडत नाही.

विद्या तेव्हा सर्वत्र अशीच होती, असे मात्र नव्हे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्याच्या शेतीची पाहणी केली तेव्हापासून पुण्याच्या गोखले संस्थेत बांधावर जाऊन मोजण्याची रीत पडलेली होती. १९८३ साली तिथल्याच कुमुदिनी दांडेकरांनी रोजगार हमी योजनेवरील स्त्रियांच्या रोजगाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९८५ साली त्याच संस्थेच्या नीळकंठ रथांनी, कर्जाने घेऊन दिलेल्या गाईम्हशींनी दारिद्र्य हटत नाही, मजुरीचे काम दिले पाहिजे, असे सरकारला सडेतोड सुनावले. तसे सुनावण्यासाठी आधी गोठ्यापर्यंत जावे लागते.

आमच्या घरातील एक मुलगी सध्या दिल्लीत हाच विषय शिकते. तिच्या एका सत्राच्या शुल्कात आमची अख्खी तुकडी पदवीधर झाली असती. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या देशव्यापी रोजगार हमी योजनेत हजेरी मोबाइलवरील छायाचित्राने घेण्याची सक्ती झाली, आणि पुढे छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी भरली जाते अशी कबुली खुद्द केंद्रीय मंत्रालयाला द्यावी लागली. मुलगी हुशार आहे. अंगठ्याची जागा चेहऱ्याने घेतली, मुकादम आहे तिथेच आहे, हे तिने माझ्याआधी ओळखले. त्या छायाचित्रांतली माणसे शोधायला माणमध्ये महिनाभर राहण्याची परवानगी तिने मागितली, तेव्हा आज्ञावली विकत घेण्यासाठी तरतूद आहे, एसटीच्या भाड्यासाठी लेखाशीर्ष नाही, असे लेखी उत्तर तिला मिळाले.