चोरीचा खोटा आळ आणि कायद्याचा आधार

मध्यमवर्गीय कुटुंबाची खरी मिळकत म्हणजे त्याचें नांव. गेलेला दागिना पुन्हां घडवितां येतो. पण भर दुकानांत ‘चोर’ हा शब्द एकदां उच्चारला गेला, कीं तो खोटा ठरल्यावरही ऐकणाऱ्यांच्या मनांतून सहसा जात नाहीं. अशा प्रसंगीं आपल्या घरांत बहुधा एकच सल्ला मिळतो : “झालें तें झालें, आतां वाच्यता नको.” हा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. मौन हें पुष्कळदां कबुलीचें लक्षण समजलें जातें. आणि कायद्यानें दिलेली मुदत त्या मौनांतच सरून जाते.

पूर्वीं सातारच्या राजपथावर काय किंवा सांगलीच्या गणपती पेठेंत काय, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची पिढ्यांची ओळख असे. आतां माल आपणच उचलावयाचा, दाराशीं पहारेकरी आणि छताला कॅमेरा, अशीं मोठीं दुकानें आलीं; ओळखीची जागा संशयानें घेतली. समजा, सातारची एखादी गृहिणी लग्नाच्या खरेदीसाठीं सांगलीस गेली. दाराशीं तिला अडविलें, पिशवी हिसकावून घेतली, तिला ढकलल्यानें ती पडली व मनगटाचें हाड मोडलें. आणि पिशवींत पावती फाडलेल्या मालाखेरीज कांहींच निघालें नाहीं. तिनें काय करावें?

प्रथम दुकानदाराचा अधिकार किती, तें पाहूं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हे कायदे अंमलांत आले आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणें खाजगी इसमास दुसऱ्यास पकडतां येतें, परंतु दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा त्याच्या समक्ष घडला असेल तरच (फरारी म्हणून जाहीर झालेल्या गुन्हेगाराची गोष्ट निराळी). आणि पकडलेल्यास विनाकारण विलंब न लावतां, फार तर सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या हवालीं करावें लागतें. नुसता संशय यास पुरत नाहीं. पोलिसांनीं रीतसर अटक केलेल्या स्त्रीची झडतीसुद्धां स्त्रीनेंच आणि सभ्यता राखूनच घ्यावी लागते. मग पहारेकऱ्याच्या दांडगाईस आधार कोठला? दुकानदारानें पोलीस बोलवावे. न्यायाधीश होऊं नये. सातारजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनीं १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांस दोषी ठरविलें. ज्या मुलखानें न्यायासनाची अशी प्रतिष्ठा पाहिली, तेथें गल्ल्यावर न्यायासन मांडूं देणें शोभत नाहीं.

पहिल्या दिवशींचीं कामें पुढील सर्व गोष्टींचा पाया होत. सुटका व्हावी म्हणून कबुलीच्या कागदावर सही करूं नये, ‘दंड’ म्हणून पैसे देऊं नयेत. पावती जपावी, पाहणाऱ्यांचीं नांवें लिहून घ्यावीं. जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जावें. सांगलीस वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, सातारांत क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. इजा कशी झाली तें डॉक्टरांस सांगून त्यांच्या नोंदींत लिहवून घ्यावें. कॅमेऱ्यांतील चित्रण पुसलें जाण्यापूर्वीं तें राखून ठेवण्याविषयीं दुकानास लेखी कळवावें व पोंच ठेवावी.

यापुढें मार्ग दोन. पहिला फौजदारी. अन्यायानें अडविणें (कलम १२६), डांबून ठेवणें (१२७), जाणूनबुजून दुखापत करणें (११५) व अब्रुनुकसानी (३५६) हे न्याय संहितेप्रमाणें गुन्हे होत. हाड मोडणें ही कायद्याच्या दृष्टीनें जबर दुखापत. ती जाणूनबुजून केली असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद सांगलीसच दिली पाहिजे असें नाहीं. सातारच्या ठाण्यानें ती नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठविली पाहिजे, व तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ठाण्यानें नाकारल्यास पोलीस अधीक्षकांस लिहावें, तेथेंही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावें. मात्र दुकानदारानें सद्‌भावनेनें पोलिसांकडे केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी नव्हे; गर्दीसमोर केलेला पुकारा किंवा गांवभर फिरविलेलें छायाचित्र यांची गोष्ट वेगळी.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. औषधोपचार, बुडालेली मिळकत, वेदना व मानहानि यांची भरपाई त्यांत मागतां येते. आणि नोकरानें कामाच्या ओघांत केलेल्या आगळिकीस मालकही जबाबदार असतो. अन्याय जेथें घडला किंवा प्रतिवादी जेथें राहतो वा धंदा करतो, तेथें हा दावा चालतो. डांबून ठेवण्याबद्दल तसेंच अब्रुनुकसानीबद्दल दावा लावण्याची मुदत फक्त एक वर्ष आहे, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. साध्या दुखापतीच्या फौजदारी तक्रारीसही तेवढीच मुदत आहे. पैसे देऊन माल घेतला असल्यास सेवेंतील उणिवेबद्दल ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आंत जातां येतें. तेथें तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यांत, म्हणजे सातारासही, अर्ज चालतो; आणि खरेदीची रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं.

पोलीस आले म्हणजे संशयिताचे हक्क संपले, असेंही नव्हे. अटकेचें कारण सांगणें, नातलगांस कळविणें, वकिलास भेटूं देणें व चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यांपुढें नेणें हें त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे नियम कागदी नाहींत. नोव्हेंबर २०१७ मध्यें लुटीच्या संशयावरून पकडलेला अनिकेत कोथळे हा तरुण सांगलीच्या पोलीस कोठडींत मरण पावला, त्याचा देह आंबोलीस नेऊन जाळण्यांत आला, आणि खुनाचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. नुसत्या संशयालाच शिक्षेचें रूप दिलें म्हणजे काय अनर्थ होतो, तें या जिल्ह्यानें पाहिलें आहे.

खर्चाची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. स्त्रियांस, मुलांस, अनुसूचित जातिजमातींस व अल्प उत्पन्नाच्या लोकांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. अपिलासाठीं मुंबई गांठण्याचा त्रासही, ऑगस्ट २०२५ मध्यें कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें पीठ सुरू झाल्यापासून, दोन्ही जिल्ह्यांचा चुकला आहे. लेखी क्षमायाचना व उपचारांचा खर्च मिळून तंटा मिटत असेल तर लोकअदालतींत अवश्य मिटवावा. तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचें बळ असतें.

परंतु मिटवावयाचा तो मान ताठ ठेवून, घाबरून नव्हे. घरांतील मुलीसुनांस हें आजच सांगून ठेवावें : आळ खोटा असेल तर लाज आळ घेणाऱ्याची, आपली नव्हे.