मनगटात उरलेला खेळ

उजव्या हाताचं कोपर टेबलावर टेकवा, हात उभा धरा आणि पंजा पुढे सैल लोंबू द्या. बोटं आपोआप उघडतात. आता बोटांना काहीही न करता नुसतं मनगट मागे वळवा. बोटं हळूच मिटत येतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मूठ तुम्ही वळलेली नाही. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा मनगटावरून जातात. मनगट मागे गेलं की त्या ताणल्या जातात आणि बोटांना ओढून घेतात.

मानेत सहाव्या पातळीखाली मज्जारज्जू तुटलेल्या माणसाच्या बोटांपर्यंत मेंदूचा एकही निरोप पोचत नाही. पण मनगट मागे वळवणारा स्नायू त्याच्याकडे शिल्लक असतो. तेवढ्या एका हालचालीवर तो चमचा धरतो, पेला उचलतो, कागद ओढतो. सरावाने पकड इतकी पक्की होते की पाहणाऱ्याला बोटं निकामी आहेत हे चटकन कळतही नाही.

ही पकड घरच्यांच्या मायेनेच बिघडू शकते, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. आपल्याकडे लकवा झालेल्या माणसाला तेल लावून चोळायची, आखडलेली बोटं सरळ करायची रीत आहे. त्या हातांत माया आहे, कष्ट आहेत, त्यात खोट काहीच नाही. पण मनगट मागे असताना बोटंही पूर्ण सरळ ताणली, आणि रोज ताणली, तर कंडरा सैल पडतात. मग मनगट कितीही मागे वळवलं तरी बोटं मिटत नाहीत. म्हणूनच जाणता फिजिओथेरपिस्ट पहिल्याच आठवड्यांत नातेवाइकांना बसवून दाखवतो: बोटं उघडायची तर मनगट खाली, मनगट वर घ्यायचं तर बोटं मिटलेली. ही गोष्ट कळायला दोन मिनिटं लागतात, आणि तिच्यावर पुढची चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने जेवता येणार की नाही ते ठरतं.

मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. तिसरी, चौथी आणि पाचवी जोडी श्वासाचा पडदा हलवते. पाचवीवर कोपर वाकतं, सहावीवर मनगट मागे वळतं, सातवीवर कोपर सरळ होतं, आठवीवर बोटं मिटतात. एका पातळीचं अंतर जेमतेम बोटभर. पण त्या बोटभर अंतरात माणसाचा सगळा दिवस बदलतो. सातवी शाबूत असेल तर तो तळहात टेकून, कोपरं ताठ करून स्वतःचं शरीर उचलतो आणि पलंगावरून व्हीलचेअरवर जातो. ती नसेल तर बहुधा फळी लागते, पट्टा लागतो, दुसऱ्याचा हात लागतो. आणि चौथीच्या वर घाव असेल तर श्वाससुद्धा यंत्राकडून घ्यावा लागतो.

मानेवरचा असा घाव खेळातही होतो. रग्बी आणि मान यांचं नातं जुनं आणि कठीण आहे. या खेळात स्क्रम नावाचा प्रकार असतो: दोन्ही संघांचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून एकमेकांना भिडतात आणि रेटतात. मानेच्या कण्याला नैसर्गिक बाक असतो आणि तोच धक्का झेलतो. मान थोडी पुढे झुकली की बाक जातो, कणा काठीसारखा सरळ होतो. त्या क्षणी स्क्रम कोसळला आणि डोकं जमिनीला टेकलं, तर मागचं सगळं वजन सरळ मणक्यांवर येतं.

15 मार्च 2005 रोजी इंग्लंडच्या 21 वर्षांखालील संघाचा सराव चालू असताना हेच घडलं. मॅट हॅम्पसन, वय 20, पहिल्या फळीत होता. स्क्रम कोसळला आणि त्याच्या मानेचा सांधा निखळला. त्या दिवशी पंच म्हणून टोनी स्प्रेडबरी होते, आणि पोटापाण्याचा त्यांचा व्यवसाय रुग्णवाहिकेवरच्या पॅरामेडिकचा. त्यांनी हॅम्पसनचा श्वासमार्ग मोकळा ठेवला म्हणून तो जगला. तेव्हापासून तो व्हेंटिलेटरवर श्वास घेतो. याच माणसाने पुढे खेळात जबर जखमी झालेल्या तरुणांसाठी संस्था उभी केली आणि 2018 मध्ये लेस्टरशायरच्या एका खेड्यात पुनर्वसन केंद्र सुरू केलं. तिथे व्यायाम आणि उपचार तर आहेतच, शिवाय त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलणं आहे. ज्याच्या मानेखाली काही हलत नाही तो सांगतो की सकाळ कशी काढायची, तेव्हा ऐकणारा वेगळ्या कानांनी ऐकतो.

दक्षिण आफ्रिकेत ही जाण आधी आली. 1980 मध्ये क्रिस बर्गर हा खेळाडू सामन्यात मानेला इजा होऊन गेला. त्याचा कर्णधार मॉर्ने द्यू प्लेसी याने निधी उभारला; रग्बीत अपंगत्व आलेल्या खेळाडूंच्या पाठीशी तो निधी आजही उभा आहे. न्यूझीलंडने दुसरं टोक धरलं. 2001 पासून त्यांनी प्रत्येक प्रशिक्षक आणि पंचाला दरवर्षी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. आधीच्या अनुभवावरून 2001 ते 2005 या काळात कायमचं अपंगत्व आणणाऱ्या मणक्याच्या सुमारे 19 दुखापती होतील असा हिशेब निघत होता. झाल्या 8. नुसत्या स्क्रममुळे 9 अपेक्षित होत्या; झाली एक. पुढे 2013 मध्ये जगभर नियम बदलला: भिडण्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांना धरायचं. बाथ विद्यापीठाच्या मोजणीत या पद्धतीने पहिला धक्का सुमारे 25 टक्क्यांनी कमी भरला. कुणाची मर्दुमकी कमी झाली नाही, खेळ पातळ झाला नाही. शाबूत मानांची संख्या तेवढी वाढली.

आपल्याकडे अशी कोसळणारी रचना कोणती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दहीहंडीचे थर. 2022 मध्ये राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदाच्या मृत्यूला 10 लाख रुपयांची मदत ठरवली. मदत हवीच. पण मान मोडलेला विशीतला मुलगा जगतो, आणि पुष्कळ वर्षं जगतो. त्याला एकरकमी धनादेशाइतकीच गरज असते ती दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या हातांची, योग्य मापाच्या खुर्चीची, आणि पाच वर्षांनीही फोन उचलणाऱ्या कुणाची.

कूस बदलण्याचं हे साधं काम वैद्यकाच्या इतिहासात किती उशिरा आलं! पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने गेले. नाझींच्या छळातून निसटून इंग्लंडला आलेले लुडविग गुट्टमन यांनी 1944 मध्ये स्टोक मँडव्हिल इथे वॉर्ड उघडला, रुग्णांना रात्रंदिवस ठरल्या वेळी वळवण्याची शिस्त लावली आणि मग त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशी, तिथल्या हिरवळीवर 16 जण तिरंदाजीत उतरले. त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धा होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं.

पण पेटकरांचे हात शाबूत होते. ज्यांचे हातही अर्धेच उरले, त्यांनी काय खेळावं? व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये अशी माणसं कडेलाच राहायची, कारण चेंडू वर फेकायला बोटं लागतात. 1977 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला अशाच काही खेळाडूंनी स्वतःसाठी खेळ रचला: व्हीलचेअर रग्बी. बास्केटबॉलचंच मैदान, 28 बाय 15 मीटर. चेंडू व्हॉलीबॉलसारखा, मांडीवर ठेवून नेता येतो. दर दहा सेकंदांत एकदा आपटायचा किंवा पास द्यायचा. चेंडू ताब्यात असताना खुर्चीची दोन चाकं गोलरेषेपार गेली की गुण. अंगाला अंग लावायचं नाही, पण खुर्चीवर खुर्ची आदळायला पूर्ण मुभा. 2000 च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून त्याला पदकं आहेत. पॅरिसला 2024 मध्ये सुवर्ण जपानने नेलं.

या खेळाचा गाभा त्याच्या गुणपद्धतीत आहे, आणि ती समजली तेव्हा मी थक्क झालो. प्रत्येक खेळाडूच्या शरीरात किती हालचाल उरली आहे हे तपासून त्याला 0.5 ते 3.5 असा आकडा देतात. मैदानावरच्या चौघांची बेरीज 8 च्या वर जाता कामा नये (स्त्री खेळाडू असेल तर थोडी सवलत). म्हणजे चार दणकट गडी उतरवताच येत नाहीत. दोन 3.5 वाले घेतले की उरतो एक. तिथे दोन अर्धे हवेतच. त्या अर्ध्या गुणाच्या खेळाडूकडे पाहा. त्याचं कोपर नीट सरळ होत नाही, धड पट्ट्याने खुर्चीला बांधलेलं, हातमोजे चिकट केलेले, कारण चाक बोटांनी धरता येत नाही, तळहाताने रेटावं लागतं. त्याच्या खुर्चीच्या पुढे एक आकडीसारखी दांडी असते. तो चेंडूच्या मागे धावत नाही. समोरचा 3.5 वाला कुठून वळणार हे दोन क्षण आधी ओळखून तो तिथे जाऊन थांबतो, दांडी त्याच्या चाकाजवळ अडकवतो आणि खुर्ची आडवी लावतो. झालं! मैदानावरचा सगळ्यात जोरकस खेळाडू जागच्या जागी खिळला. अर्ध्याने साडेतीन अडवले. ज्याच्याकडे सगळ्यात कमी उरलं आहे त्याच्यावाचून संघच पुरा होत नाही, असा नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

क्वार्टरच्या मधल्या विश्रांतीत सोबती या खेळाडूंच्या चेहऱ्यावर, हातांवर बाटलीने पाण्याचा फवारा मारतात. त्यामागचं कारण नागपूरकराने नीट समजून घ्यावं असं आहे. घाम सोडायचा हुकूम मेंदूकडून मज्जारज्जूतूनच खाली जातो. मानेत तो तुटला की घावाखालच्या जवळजवळ सगळ्या शरीराला घामच येत नाही. वाळ्याच्या ताट्या सुकून गेलेला कूलर जसा नुसती गरम हवा फेकत राहतो, तसं ते शरीर. आणि आपल्या नागपुरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतपात धडधाकट माणूस कांदा खिशात घालून, दुपट्टा बांधून कसाबसा निभावतो. मान दुखावलेल्याला मात्र मार्चपासूनच ओला टॉवेल, फवाऱ्याची बाटली आणि वीज गेल्यावर पंखा चालवणारा इन्व्हर्टर या औषधाइतक्या गरजेच्या वस्तू असतात. उन्हात उभी राहिलेली खुर्ची हा आणखी एक धोका. तापलेल्या पत्र्यावर पाय टेकलेला असतो, कातडी भाजते, पण निरोप वर पोचत नाही. फोड संध्याकाळी दिसतो.

निरोप पोचत नसले तरी शरीर मुकं नसतं. लघवीची नळी मुडपली, मूत्राशय तुडुंब भरलं, तर माणसाला दुखत नाही. पण त्याचा रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटेल असं ठणकतं, चेहरा लाल होतो, घावाच्या वर घाम फुटतो. अशा वेळी त्याला आडवं करू नये, उलट ताठ बसवावं, कपडे-पट्टे सैल करावेत, नळी तपासावी आणि लगेच डॉक्टर गाठावा. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. मान दुखावलेल्या प्रत्येकाच्या घरात हे चार ओळींत लिहून भिंतीवर लावलेलं असावं.

नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून मणका मोडलेली माणसं इथेच येतात. कुणी झाडावरून पडलेला, कुणी दुचाकीवरून. त्यांतले फारच थोडे खेळाडू असतील. पण रग्बीने जे शिकवलं ते त्या सगळ्यांच्या कामाचं आहे. पडलेल्याला हातपाय धरून उचलायचं नाही, डोकं आणि मान एका रेषेत धरून ठेवायची, 108 ला फोन करायचा. गादी, खुर्ची आणि पहिल्या महिन्यांचं शिक्षण यांवर पैसा आधी खर्चायचा. रग्बी आपल्याकडेही पसरते आहे, 2025 च्या जूनमध्ये मुंबईत तिची पहिली व्यावसायिक लीग झाली. मुलं मैदानात उतरण्याआधी पंच आणि प्रशिक्षक तयार हवेत.

आणि खेळ? त्याला नवं मैदान लागत नाही. बास्केटबॉलची आखणी असलेला बंदिस्त हॉल, आत जायला उंबरा नसलेली वाट, खुर्ची वळेल एवढं रुंद स्वच्छतागृह, आठ-दहा भक्कम खुर्च्या, सुटे टायर आणि वेल्डिंग येणारा एक माणूस, कारण या खेळात खुर्च्या सारख्या चेपतात. मानकापूरच्या क्रीडा संकुलासारखी जागा आठवड्यातून दोन सकाळी मिळाली तरी पुरे. सुरुवात नोव्हेंबरमध्ये करावी. ऊन तापायच्या आत चार महिने सरावाला मिळतात.