हयगयीने वाहन चालवून माणूस दगावला तर?



गळीत हंगाम सुरू झाला की उसाची वाहने रात्रंदिवस रस्त्यावर असतात. नांदेड-नर्सी-देगलूर रस्ता असो की उदगीरचा, भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मोटारसायकली आणि पायी चालणारी माणसं सगळी त्याच रस्त्याने जातात. एखादा माणूस चाकाखाली दगावला की पारावर लोक म्हणतात, "नशिबाचा भाग हो, कुणी मुद्दाम मारतंय का?" मुद्दाम मारले नाही हे खरे. पण म्हणून गुन्हा होत नाही, असे मात्र नाही.

पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम 304-अ प्रमाणे, बेदरकारपणे किंवा हयगयीने मृत्यू घडविल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होत असत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106 प्रमाणे ही कैद 5 वर्षांपर्यंत आहे, शिवाय दंड. सीमा ओलांडून तेलंगणात किंवा कर्नाटकात गेले तरी हाच कायदा.

याच्या वरची पायरी म्हणजे सदोष मनुष्यवध. "अशाने माणूस मरू शकतो" ही जाणीव असूनही वाहन हाकले, असे कोर्टाला दिसले तर 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबईत 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे कार्टर रोडवर रस्त्याकडेला झोपलेले 7 मजूर मोटारीखाली मेले, 8 जखमी झाले. चालक दारू प्यालेला होता. सत्र न्यायालयाने हयगय धरून 6 महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने 2007 साली सदोष मनुष्यवध धरून 3 वर्षे सक्तमजुरी दिली, आणि 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मनातली जाणीव कुणाला दिसत नाही. दारू, वेग आणि जागा पाहून कोर्ट ती ओळखते. आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्याही रस्त्याच्या कडेलाच असतात, हे विसरू नये.

आता काही गैरसमज.

"पैसं देऊन मिटवू." हा गुन्हा आपसात मिटत नाही. भरपाईचा दावा वेगळा, फौजदारी खटला वेगळा. विमा कंपनी भरपाई देईल, तुरुंगात मात्र ती जात नाही.

"गाडी चालवत नव्हतो, नुसती उभी होती." कलम 106 नुसत्या चालविण्यापुरते नाही. अंधारात, दिवा वा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली भररस्त्यात सोडणे हीसुद्धा हयगय ठरू शकते.

"पोरगं चालवतंय की चांगलं." अठरा वर्षांखालील मुलाकडून मोटार वाहन कायद्याखालील गुन्हा घडल्यास पालक किंवा मालकास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे.

"पळून गेलेलं बरं." मुळीच नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचविणे आणि पोलिसांना कळविणे हे चालकाचे कायद्याने कर्तव्यच आहे. जमावाची भीती असेल तर सरळ पोलीस ठाणे गाठावे. मदत करणाऱ्या वाटसरूलाही कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून त्याने मागे हटू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवावा.

खेप एखादी कमी झाली तरी चालेल. पण रात्री गाडी लावताना दिवा आणि रिफ्लेक्टर पाहावेत, आणि प्यालेल्या किंवा झोपेने पेंगणाऱ्या चालकाच्या हाती चावी देऊ नये. ऊस दुसऱ्या दिवशीही गाळता येतो, गेलेला माणूस परत येत नाही. सर्व सभासदांनी आपल्या वाहतूकदारांना हे समजावून सांगावे, ही नम्र विनंती.